एंटरप्राइझ आर्किटेक्चरची मार्गदर्शक तत्त्वं: लिहायची कशी, वापरायची कशी

लातूरकडची एखादी डाळ मिल घ्या नाहीतर वाळूज एमआयडीसीतला सुट्या भागांचा कारखाना, संगणकाच्या बाबतीत चित्र साधारण सारखंच असतं. काट्याचं सॉफ्टवेअर काटा बसवणाऱ्याने दिलेलं, हिशेब टॅलीत, लॅबचं एक्सेल, दुसऱ्या युनिटची ईआरपी (खरेदी, साठा, हिशेब एकत्र ठेवणारी प्रणाली) वेगळी आणि सौदे व्हॉट्सअ‍ॅपवर. नवीन काही घ्यायचं ठरलं की मालक म्हणतात स्वस्तात बघा, मुनीमजी म्हणतात टॅलीला जोडणारं बघा, आयटीचा पोरगा म्हणतो क्लाउडवर जाऊ. तिघांचंही खरं असतं. शेवटी ज्याचं वजन जास्त त्याचं सॉफ्टवेअर येतं आणि पुढच्या खरेदीला तोच वाद पहिल्यापासून सुरू होतो.

हा वाद एकदाच, नीट, सगळ्यांना बसवून घालायचा आणि निघालेला निकाल लिहून ठेवायचा, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वं. एंटरप्राइझ आर्किटेक्चर, म्हणजे संस्थेचा धंदा, माहिती आणि संगणक प्रणाली यांची एकत्र आखणी, हा शब्द मोठ्या बँका आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांचा वाटतो, पण त्यातला हा भाग दीडशे माणसांच्या गटालाही लागतो. माझ्या मते अशा गटाला बाकीच्या आकृत्या आणि नकाशे नसले तरी चालतील, तत्त्वं मात्र हवीत.

या विषयात सगळ्यात जास्त वापरली जाणारी चौकट ‘द ओपन ग्रुप’ या संस्थेची टोगॅफ. तिची पहिली आवृत्ती १९९५ ची, दहावी २०२२ ची. तिच्या कार्यपद्धतीत तत्त्वं ठरवण्याचं काम प्राथमिक टप्प्यात येतं, म्हणजे कुठलाही आराखडा काढायच्या आधी. आपल्याकडे केंद्राच्या इलेक्ट्रॉनिकी आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०१८ मध्ये सरकारी कामासाठी इंडईए ही चौकट आणली. दोन्ही वाचण्यासारख्या आहेत, पण त्यातली तत्त्वं जशीच्या तशी उचलू नका. टोगॅफच्या ९ व्या आवृत्तीत नमुन्यादाखल २१ तत्त्वं दिली होती. ती उतरवून, वर कंपनीचा लोगो लावून फाइल बंद केलेली ठिकाणं मी पाहिली आहेत.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी एक कल्पनेतला गट धरू: लातूरला डाळ मिल, शेजारी सोयाबीनची तेल मिल, उदगीर आणि औशाला खरेदी केंद्रं, छत्रपती संभाजीनगरला विक्रीचं ऑफिस.

तत्त्व कशाला म्हणायचं

आधी गल्लत दूर करू. सोयाबीनच्या हमीभाव खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. २०२४ च्या हंगामात केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली. आता आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ‘१२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असेल तर नोंद नाकारा’ असं कोडमध्येच ठोकून बसवलं असेल, तर त्या हंगामात प्रोग्रामरला फोन करत बसावं लागतं. १२ किंवा १५ हा नियम झाला. ‘यंदा वेळेत आणि बिनचूक पैसे देऊ’ हे उद्दिष्ट झालं. ‘बाहेरून बदलणारे आकडे प्रणालीच्या कोडमध्ये नसतील, अधिकार असलेल्या माणसाला ते स्क्रीनवरून बदलता येतील’ हे तत्त्व झालं. नियम हंगामाला बदलतो, उद्दिष्ट वर्षाला बदलतं, तत्त्व बऱ्यापैकी काळ टिकतं आणि पुढच्या दहा निर्णयांना लागू पडतं.

जीएसटीच्या ई-इनव्हॉइसचंही, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवण्याच्या बंधनाचंही, तसंच. ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींवरच्या उलाढालीला लागू झालेलं हे बंधन टप्प्याटप्प्याने खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आलं. ‘आपल्याला कुठं लागतंय’ म्हणणाऱ्यांची तीन वर्षांच्या आत धावपळ झाली. वरचं तत्त्व ज्यांनी पाळलं होतं त्यांचीही थोडी झाली, पण बिलिंगची अख्खी प्रणाली उचकटावी लागली नाही.

पहिली पायरी: लिहू नका, आधी वाद गोळा करा

कोरा कागद घेऊन ‘आपली तत्त्वं काय असावीत?’ असं विचारलं की लोक सुविचार सांगतात. सुरक्षितता, गुणवत्ता, पारदर्शकता. त्याऐवजी मागच्या दोन-तीन वर्षांतले अडलेले निर्णय गोळा करा. कुठलं सॉफ्टवेअर घेतलं आणि वापरलं नाही? कुठल्या दोन रिपोर्टांचे आकडे जुळत नाहीत? कोणता विक्रेता सोडायचा होता, पण आपला डेटा त्याच्याकडे अडकला म्हणून सोडता आला नाही?

हे विचारायला ऑफिसात बसून भागत नाही. काट्यावर जा, लॅबमध्ये जा, खरेदी केंद्रावर एक दुपार बसा. मालक आणि मुनीमजी बोलतीलच, पण काट्यावरच्या माणसाला जे माहीत असतं ते त्या दोघांनाही नसतं. वेळ मात्र बघा. माणसं काम करताना बघायची तर सोयाबीनची आवक ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि तुरीची जानेवारी-फेब्रुवारीत जोरात असते. तेव्हा गुपचूप बघायला जा. बैठकीला बसवायचं तर उन्हाळ्यात. ऐन हंगामात कार्यशाळा ठेवणाऱ्या सल्लागाराला कुणी चहा पाजलेला मी तरी पाहिला नाही.

आपल्या गटात काय सापडतं बघा. एकच शेतकरी काट्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘बालाजी शिंदे’, टॅलीत ‘शिंदे बालाजी निलंगा’ आणि तेल मिलच्या ईआरपीत ‘बी. एम. शिंदे’. तिन्हीकडे खाती वेगळी, उचल वेगळी. डाळ मिलने दिलेली उचल तेल मिलला दिसत नाही, म्हणून तिकडे पूर्ण पैसे दिले जातात. हा वाद वहीत लिहा, तारखेसकट. तत्त्व त्यातूनच निघणार आहे.

दुसरी पायरी: धंद्याची दिशा तीन-चार ओळींत

हे मालकांकडूनच यायला हवं, आणि लवकर उरकायचं. ‘पाच वर्षांत पॅकिंगची डाळ आपल्या ब्रँडने विकायची’, ‘खरेदी केंद्रं वाढवायची’, ‘बँकेला महिन्याच्या महिन्याला साठ्याचा खरा आकडा द्यायचा’. एवढं पुरे. टोगॅफ संस्थेची तत्त्वं आणि आर्किटेक्चरची तत्त्वं असा फरक करते तो यासाठीच: दुसरी पहिल्यांतून उतरली पाहिजेत. तंत्रज्ञानाचं एखादं तत्त्व या चार ओळींपैकी कशालाच जोडता येत नसेल, तर ते आयटीवाल्याच्या आवडीचं आहे असं समजा.

तिसरी पायरी: चार भागांत लिहा

प्रत्येक तत्त्वाला नाव, विधान, कारण आणि परिणाम असे चार भाग द्यायचे, ही टोगॅफची रीत. पहिले तीन कुणीही लिहितं. चौथा लिहिताना घाम फुटतो. लेखाचा बराचसा भाग मी याच पायरीवर खर्च करणार आहे.

आपल्या गटाचं एक तत्त्व पूर्ण लिहून बघू.

नाव: नोंद एकदाच, जिथं घडली तिथंच.

विधान: मालाचं वजन, प्रत आणि शेतकऱ्याची ओळख ही माहिती ज्या जागी तयार होते त्याच जागी प्रणालीत जाईल, बाकी सगळीकडे तीच वापरली जाईल, पुन्हा टाइप होणार नाही.

कारण: आज एका ट्रॉलीचं वजन काट्यावर, आवक रजिस्टरमध्ये आणि टॅलीत अशा तीन ठिकाणी टाकलं जातं. आकडा चुकला तर कुठला खरा हे ठरवायला काटा पावती शोधावी लागते. बँकेला द्यायचा साठ्याचा आकडा याच कारणाने उशिरा निघतो.

आता परिणाम. इथं ‘कार्यक्षमता वाढेल’ लिहून मोकळं होऊ नका. तो फायदा झाला, आणि फायदा कारणात सांगून झाला. परिणामांत लिहायचं ते हे: कोणाला काय बदलावं लागेल, कोणाचा अधिकार कमी होईल, पैसा कुठं जाईल आणि काय करायचं बंद होईल.

काट्यावर काय होतं ते जवळून बघू. ट्रॅक्टर-ट्रॉली भरलेली येते, पहिलं वजन होतं. लॅबचा माणूस बांबू मारून नमुना काढतो, ओलावा आणि मातेरं बघतो. माल उतरतो. तासाभराने रिकामी ट्रॉली परत काट्यावर येते, दुसरं वजन होतं. दोन वजनांच्या फरकातून कटौती वजा जाऊन पैसे ठरतात. मधल्या तासात काट्यावरून दहा वाहनं जातात. दुसऱ्या वजनाला गाडी नंबर चुकीचा निवडला गेला की एका शेतकऱ्याचा माल दुसऱ्याच्या नावावर. मग मुनीमजी संध्याकाळी टॅलीत आकडा ‘दुरुस्त’ करतात. भल्यासाठीच करतात, पण काट्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चूक तशीच राहते.

तर परिणाम असे उतरतात. इंडिकेटरच्या, म्हणजे वजन दाखवणाऱ्या यंत्राच्या, सिरीयल पोर्टमधून (वायर जोडायच्या जागेतून) वजन थेट संगणकात येईल, हाताने टाकता येणार नाही. काटा पुरवणाऱ्याने डेटा खुला द्यायचा, ही अट पुढच्या देखभाल करारात येईल. नाही म्हणाला तर इंडिकेटर बदलण्याचा खर्च मालक मंजूर करतील. काट्यावरच्या प्रत्येक माणसाचं स्वतंत्र लॉगिन असेल, सगळ्यांचा मिळून ‘अ‍ॅडमिन’ बंद. मुनीमजींना टॅलीत वजन बदलता येणार नाही. चूक झाली तर काट्यावरच उलट नोंद होईल आणि ती का झाली ते लिहिलं जाईल. लॅबचं एक्सेल बंद होईल. शेतकऱ्याचा एकच क्रमांक दोन्ही मिलमध्ये चालेल, आणि जुनी दुबार खाती एकत्र करायला एका माणसाला काही आठवडे मोकळं करावं लागेल.

हे वाचल्यावर मुनीमजी गप्प बसले तर समजा, त्यांनी वाचलेलं नाही. ते म्हणणारच, “माझ्यावर विश्वास नाही का साहेब?” हा प्रश्न आत्ता, कागदावर असताना आलेला बरा. उत्तरही तयार आहे: कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहिलाच पाहिजे आणि तो बंद करता येता कामा नये, हे १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक आहे. म्हणजे मागे जाऊन आकडा बदलणं आता तसंही झाकून राहत नाही. माग मुनीमजींच्या नावावर निघण्यापेक्षा चूक जिथली तिथं दुरुस्त झाली तर त्यांचंच बरं.

परिणामांचा भाग विधानापेक्षा तिप्पट-चौपट मोठा झाला तर बिचकू नका, तसाच असायला हवा. आणि तो लिहिताना कुणाचीच काही तक्रार आली नाही तर तत्त्व पुन्हा लिहा.

चौथी पायरी: उलटं करून बघा

प्रत्येक विधानाचं उलट वाक्य मोठ्याने वाचायचं. ‘आम्ही सुरक्षित तंत्रज्ञान वापरू’ याचं उलट ‘आम्ही असुरक्षित तंत्रज्ञान वापरू’. असं कोण म्हणेल? मग मूळ वाक्यानेही काही ठरत नाही. याउलट ‘तयार सॉफ्टवेअर आधी बघू, स्वतः बनवणं शेवटी’ याचं उलट म्हणजे ‘आपल्या धंद्याला नेमकं बसेल असं स्वतःच बनवू’. शहाणी माणसं हेही म्हणतात आणि त्यात तथ्य असतं. दोनपैकी एक बाजू आपण निवडली, म्हणून ते तत्त्व. सुरक्षितता महत्त्वाची नाही असं नव्हे. ती अशी लिहा: ‘गटाबाहेरच्या माणसाला आपल्या प्रणालीत कायमचा प्रवेश नसेल, कामापुरता दिला जाईल.’ सॉफ्टवेअरवाला रात्री-अपरात्री रिमोटने शिरून ‘छोटं अपडेट’ टाकतो, ते यामुळे थांबतं. त्याला राग येतो तो वेगळा.

पाचवी पायरी: एकमेकांशी भांडणारी तत्त्वं शोधा

चांगल्या तत्त्वाच्या पाच कसोट्या टोगॅफ सांगते: समजेल असं, निर्णयाला पुरेल इतकं पक्कं, अपुरं नसलेलं, इतरांशी सुसंगत आणि टिकाऊ. पहिल्या तीन आणि पाचवी तुम्ही वाचूनच तपासाल. चौथीला वेळ द्या.

आपल्या गटाचं दुसरं तत्त्व समजा असं आहे: ‘लाइट किंवा नेट गेलं तरी आवक थांबणार नाही.’ मराठवाड्यात हे तत्त्व नसेल तर बाकीची लिहूच नका. आता रात्रीचे नऊ, फाटकाबाहेर ट्रॅक्टरांची रांग आणि नेट गेलं. काट्यावरचा माणूस म्हणणार, “लिहा की वहीत, उद्या टाकू.” वहीत लिहिलं तर ‘नोंद एकदाच’ मोडलं, नाही लिहिलं तर आवक थांबली.

दोन्ही बरोबर असताना काय करायचं ते आधीच लिहून ठेवा. इथं आवक वरचढ, हे मालकांनी ठरवायचं. पण ती वरचढ ठेवूनही दुसरं तत्त्व वाचवता येतं: काट्याचं सॉफ्टवेअर स्थानिक संगणकावर चालेल, त्या केंद्राची पावती मालिका वेगळी असेल, म्हणजे उदगीरची ‘उ’ने आणि औशाची ‘औ’ने सुरू होणारी, आणि नेट आलं की नोंदी आपोआप वर जातील. दोन केंद्रांवर एकच पावती क्रमांक पडायची भीती राहत नाही. युपीएस आणि स्थानिक संगणकाचा खर्च परिणामांत लिहा. वहीसुद्धा राहील, फक्त संगणकच बंद पडला तर, आणि तिच्या पानांना छापील क्रमांक असतील. अशा जोड्या शोधण्यासाठी सगळी तत्त्वं एकमेकांसमोर ठेवून प्रत्येक जोडीला एक वाईट रात्र कल्पून बघायची. कंटाळवाणं काम आहे, पण तत्त्वं निरुपयोगी होतात ती बहुतेक इथंच.

किती असावीत

मोठ्या संस्थांसाठी दहा ते वीस असा आकडा सांगितला जातो. आपल्याएवढ्या गटाला सहा-सात पुरतात. सगळ्यांना न बघता आठवतील एवढीच. धंदा, डेटा, अ‍ॅप्लिकेशन आणि तंत्रज्ञान या चारही अंगांचं किमान एकेक असावं, पण कोष्टक भरायचं म्हणून भर घालू नका.

एकाची मात्र मी आग्रहाने आठवण करतो, कारण ते सगळ्यांकडून राहून जातं: शेतकऱ्याची वैयक्तिक माहिती. आज आधारची प्रत आणि पासबुकाचा फोटो ‘खरेदी उदगीर’ नावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडतो आणि सोडून गेलेल्या हमालाच्या मोबाइलमध्येही राहतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, आणि डिजिटल स्वरूपात माहिती ठेवणाऱ्या छोट्या धंद्यांनीही तो गांभीर्याने घ्यायला हवा. तत्त्व असं करता येईल: ‘ओळखीची कागदपत्रं एकाच जागी, कामापुरती आणि कामापुरत्याच माणसांना.’ त्याचा परिणाम: व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो बंद, खरेदी केंद्राला स्कॅन करायची सोय द्यावी लागेल. सोय न देता नुसता बंद केला तर दुसरा ग्रुप तयार होतो.

सायबर घटनेबाबतही एक ओळ परिणामांत टाका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात आणि लॉग, म्हणजे प्रणालीत कोणी कधी काय केलं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, १८० दिवस ठेवावे लागतात. ६ तासांत कोण कळवणार, हे नाव आत्ताच लिहिलेलं असावं.

सहावी पायरी: सही कोणाची

मालकांची. आयटी प्रमुखाची सही असलेली तत्त्वं आयटीपुरतीच राहतात. प्रत्येक तत्त्वाला शिवाय एक राखणदार नेमा, आणि तो शक्यतो आयटीबाहेरचा. ‘नोंद एकदाच’चे राखणदार मुनीमजीच असावेत. ज्याचा अधिकार कमी झाला त्यालाच राखण दिली की तो इतरांना सुटू देत नाही.

कागद मराठीत लिहा, काट्यावरच्या माणसाला वाचता येईल असा. बैठकीत त्याला वाचून दाखवायला सांगा आणि त्याच्या शब्दांत अर्थ विचारा. अडखळला तर वाक्य बदला.

सातवी पायरी: प्रत्येक निर्णयाला जोडा, अपवाद नोंदवा

तत्त्वं वापरात आणायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे निर्णय-पत्रक. ठरावीक रकमेच्या वरची कुठलीही संगणकीय खरेदी किंवा बदल असला की एक पानी पत्रक भरायचं: काय घेतोय, कोणती तत्त्वं लागू पडतात, कुठलं मोडतंय, मोडत असेल तर का. हे पत्रक सोबत नसेल तर खरेदीच्या फाइलवर सही नाही. एवढी एक सवय लागली तर बाकीचं बरंचसं आपोआप होतं.

मोडणं होणारच. वाळूजच्या एखाद्या छोट्या व्हेंडरचं उदाहरण घ्या. त्यानेही ‘नोंद एकदाच’ लिहिलंय, पण त्याचा मोठा ग्राहक माल पाठवण्याआधीची सूचना आपल्या पोर्टलवरच भरायला लावतो, आणि त्या पोर्टलला जोडणी मिळत नाही. म्हणजे डिस्पॅचचा माणूस तेच आकडे दुसऱ्यांदा टाइप करणार. ग्राहकापुढे तत्त्व चालत नाही. अशा वेळी तत्त्व गुपचूप मोडायचं नाही, अपवाद-वहीत लिहायचं: कोणता अपवाद, कोणी मंजूर केला, किती तारखेपर्यंत. तारीख सगळ्यात महत्त्वाची. मुदत नसलेला अपवाद हाच पुढे नियम होतो. सहा महिन्यांनी तारीख आली की पुन्हा विचारायचं, पोर्टलला फाइल अपलोड सुरू झालं का? झालं असेल तर अपवाद संपला.

मालकांच्या नातेवाइकाचं सॉफ्टवेअर हाही अपवादच, आणि तोही वहीत जातो. तिथं लिहायला हात धजावत नसेल तर निदान मंजुरीच्या रकान्यात मालकांची सही घ्या.

आठवी पायरी: वर्षातून एकदा अपवाद-वही उघडा

हंगाम संपल्यावर, एप्रिल-मे महिन्यात. तत्त्वांचा कागद नव्याने वाचण्यापेक्षा अपवाद-वही वाचा. एकाच तत्त्वावर अपवादांची रांग लागली असेल तर एक तर तत्त्व चुकीचं आहे किंवा त्याचे परिणाम मंजूर होऊनही पैसे दिले गेले नाहीत. बहुतेक वेळा दुसरं निघतं. युपीएस आलाच नाही, म्हणून वही सुरू राहिली. आणि एखाद्या तत्त्वाचा वर्षभरात कुठल्याच निर्णय-पत्रकात उल्लेख नसेल, तर ते काढून टाकायचा विचार करा.

बदल करताना सगळं नव्याने लिहायचा मोह आवरा. एका वर्षात एक-दोन बदल पुरेत. काढलेल्या तत्त्वाचा क्रमांक दुसऱ्याला देऊ नका, त्यापुढे ‘रद्द’ आणि तारीख लिहून ठेवा. दोन वर्षांपूर्वीच्या निर्णय-पत्रकात ‘तत्त्व ४ प्रमाणे’ असं लिहिलेलं असतं, आणि ऑडिटर किंवा नवा आयटी प्रमुख ते वाचेल तेव्हा त्याला त्या वेळचं ४ सापडलं पाहिजे.